पोलिसांना जेंडर ट्रेनिंग द्यायचंय पण फंड कुठनं आणायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या संस्थांसाठी

खानापूर, निपाणी, हुक्केरीकडनं बायकांचे फोन येतात, अक्का आमचा गट आहे, पाचसहा वर्षं काम करतोय, आता ठाण्यातल्या लोकांना बाईमाणसाशी कसं वागायचं ते शिकवायचंय, पण पैसे कोण देतंय आणि सुरवात कुठनं करायची? प्रत्येकीला तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. ज्यांनी आजवर एकपण प्रपोजल लिहिलेलं नाही त्यांनाही कळावं असं.

पैसे मागायच्या आधी, काय मागताय ते ठरवा

बहुतेक जण "एक दिवसाची कार्यशाळा" मागतात. हॉल, बॅनर, शाल-नारळ, जेवण, ग्रुप फोटो. आम्ही पण पहिल्यांदा तेच केलं. पन्नास-साठ पोलीस आले, सह्या झाल्या, चहानंतर निम्मे बंदोबस्ताला गेले, वकील बाईंनी दोन तास कलमं सांगितली, पैसे देणाऱ्यानं फक्त किती लोक आले ते विचारलं आणि आम्ही आकडा दिला. पंधरा दिवसांनी आमच्याच गटातली एक बाई मार खाऊन ठाण्यात गेली, तर तिला तीन तास बाकावर बसवून "उद्या नवऱ्याला घेऊन ये, राजी-पंचाईत करू" म्हणून घरी पाठवलं. तिला घरी पाठवणारा माणूस आमच्या त्या फोटोत पहिल्या रांगेत होता. मला ते आजपण खुपतं.

तेव्हापासनं आम्ही एकच गोष्ट धरलीय, बाई ठाण्याच्या दारात आल्यापासनं पहिला तास. दारावर तिला कोण भेटतं, खुर्ची देतात का, सगळ्यांसमोर विचारतात का बाजूला घेतात, तिची भाषा कोणाला येते, राइटर (तक्रार लिहून घेणारा पोलीस) काय लिहून घेतो, आणि परत जाताना तिच्या हातात कागद असतो का. हा एक तास बदलायला कार्यशाळा पुरत नाही, सहा महिने त्याच ठाण्यात परत परत जावं लागतं. म्हणून पैसे मागायचे ते या सहा महिन्यांचे, हॉलचे नाही.

दोन ठाणी घ्या, जास्त नको. खानापूर आणि नंदगड, किंवा निपाणीत शहर आणि ग्रामीण. अख्ख्या जिल्ह्याचं प्रपोजल कागदावर भारी दिसतं पण नवी संस्था तेवढं ओढू शकत नाही, आणि पैसे देणारी मंडळी पण हे ओळखून असतात.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, पत्रात तेच लिहा

पुष्कळ संस्था एसपी साहेबांकडं "परवानगी द्यावी ही विनंती" म्हणून हात जोडून जातात. विनंती करा, पण सोबत हेही लिहा की हे ट्रेनिंग म्हणजे आमची हौस नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ११ मध्ये सरळ लिहिलंय की पोलीस अधिकाऱ्यांना ठराविक काळानं संवेदनशीलतेचं ट्रेनिंग मिळेल हे सरकारनं बघायचं. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम ४३ मध्ये पण पोलिसांच्या ट्रेनिंगचं तसंच आहे. म्हणजे सरकारनं जे करायलाच पाहिजे त्यात तुम्ही हातभार लावताय. पत्राचा सूरच बदलतो बघा.

आणि हे आपल्याकडं नवीन पण नाही. कर्नाटक पोलीस आणि युनिसेफनी मिळून पूर्वीच जेंडर सेन्सिटायझेशन आणि पीपल फ्रेंडली पोलीस नावाचा प्रोजेक्ट चालवलेला आहे. पलीकडं महाराष्ट्रात १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या लोकांनी मुंबई पोलिसांच्या ऑफिसातच महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, तो पुढं सरकारनं स्वतःकडं घेतला. साहेब नवीन असतील तर हे सांगा, "आजवर कुणी केलंय का" हा प्रश्न तिथंच मिटतो.

तुमचे स्वतःचे कागद

याशिवाय कोणी बोलत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली नोंदलेली पाहिजे (कमीत कमी सात सभासद, सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडं) नाहीतर ट्रस्ट डीड सब-रजिस्ट्रारकडं केलेलं. दरवर्षीचे हिशोब आणि सभासदांची यादी भरलेली असू दे, कारण तीन-चार वर्षं काही भरलेलंच नाही अशा संस्था मी खूप बघितल्यात आणि मग ऐनवेळी धावपळ होते. संस्थेच्या नावानं पॅन, बँक खातं, सीएनं सही केलेले तीन वर्षांचे ऑडिट. इन्कम टॅक्सची बारा-ए (संस्थेला करमाफी) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला सूट) (कायद्यात नंबर बदलले तरी सीए लोक अजून याच नावानं बोलतात). नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नंबर, हा फुकट मिळतो आणि सरकारी पैशाला लागतोच.

तुमचा नुसता महिला मंडळ किंवा स्त्रीशक्ती गट असेल आणि यातलं काहीच नसेल, तर थांबून राहू नका. कागद असलेल्या ओळखीच्या संस्थेबरोबर मिळून करा, पण कोण काय करणार आणि पैसा कुणाच्या खात्यात येणार हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीत लिहायचं कशाला म्हणून सोडलं की पुढं तिथंच वाकडं येतं.

पैसा कुठनं येतो

पहिल्या वर्षी मोठ्या ठिकाणी जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दोन ठाण्यांचं काम दोन लाखाच्या आत होतं आणि तेवढा पैसा आपल्या जिल्ह्यातच आहे. रोटरी, इनर व्हील, लायन्स, पतसंस्था, उद्यमबागेतले आणि मच्छेतले फाउंड्रीवाले, डॉक्टर मंडळी. एकाकडनं दोन लाख मागण्यापेक्षा आठजणांकडनं पंचवीस-पंचवीस हजार मागा, मिळतात. देणगी चेकनं किंवा खात्यावर घ्या, रोख दोन हजाराच्या वर घेतली तर देणाऱ्याला ऐंशी-जीची सूट मिळत नाही आणि मग तो पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही.

दुसरा रस्ता कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजकामाला द्यायचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामाला खर्चावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता आणि महिला सक्षमीकरण सरळ लिहिलेलं आहे, म्हणजे आपला विषय बसतो. बेळगावात हिंडाल्कोचा कारखाना आहे, हत्तरगीला एक्वसचं सेझ आहे, साखर कारखाने तर घटप्रभेपासनं कृष्णेपर्यंत पसरलेत. पण कंपनीकडनं पैसा घ्यायला संस्थेला सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. कंपनीवाल्यांना पोलीस हा शब्द ऐकला की थोडी धास्ती वाटते, उगीच कशाला त्या भानगडीत असं. तिथं "पोलीस ट्रेनिंग" असं टायटल देण्याऐवजी "महिलांना ठाण्यात मिळणारी सेवा सुधारणं" असं द्या. यात खोटं काही नाही, काम तेच आहे.

तिसरा सरकारी. जिल्ह्याच्या महिला आणि बालविकास खात्याच्या डीडी (उपसंचालक) मॅडमना भेटा. केंद्राच्या मिशन शक्तीत सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचार झालेल्या बाईला एकाच ठिकाणी मदत) आणि १८१ महिला हेल्पलाइन येतात, आणि आपल्या राज्यानं २०००-०१ पासनं सांत्वन केंद्रं (अडचणीतल्या बायकांची मदत केंद्रं) संस्थांकडूनच चालवलीत, त्यामुळं संस्थेला सरकारी पैसा देऊन असलं काम करून घेणं हे त्या ऑफिसला नवीन नाही. राष्ट्रीय महिला आयोग पण कायदा जागृतीच्या कार्यक्रमांना मदत करतो. निर्भया निधीतनं ठाण्यांत महिला हेल्प डेस्क करायला केंद्रानं १०,००० ठाण्यांसाठी १०० कोटी मंजूर केले होते, म्हणजे ठाण्यामागं एक लाख. तुमच्या ठाण्यात टेबल आणि बोर्ड आहे का, त्यावर कोण बसतं, हे आधी जाऊन बघा. बोर्ड आहे आणि खुर्ची रिकामी आहे असं दिसलं तर तेच तुमच्या प्रपोजलचं पहिलं वाक्य. आणि सरकारी पैसा उशिरा येतो, मार्चमध्ये एकदम येतो, हे धरूनच चाला.

खासदार निधी मागायला जाऊ नका, तो टिकाऊ बांधकाम-वस्तूंसाठी असतो, ट्रेनिंगला लागत नाही.

परदेशी पैशाबद्दल तर सरळ नको म्हणते, निदान सुरवातीला. एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) रजिस्ट्रेशनला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच उघडावं लागतं, ऑफिसखर्च २० टक्क्यांच्या आत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एक संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही, म्हणजे बेंगळूरची मोठी संस्था "आम्ही तुम्हाला थोडे देतो" म्हणाली तरी ते चालत नाही, खर्च तिनंच करायचा. शिवाय सरकारी नोकरानं परदेशी देणगी घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपण पोलिसांबरोबर काम करतोय, त्यामुळं त्या पैशातली एक पेन-डायरी जरी पोलिसाच्या हातात गेली तरी उद्या प्रश्न येऊ शकतो. सीमाभागात मराठी संस्थेकडं जरा बारीक नजरेनं बघितलं जातं हे पण लक्षात ठेवा. हिशोब आरशासारखा पाहिजे.

दोन ठाण्यांचं सहा महिन्यांचं बजेट

आम्ही धरतो तसा हिशोब देते, तुमच्याकडं दर वेगळे असतील. दोन ठाणी, प्रत्येकी सहा बैठका, एकूण बारा. प्रत्येक बैठकीला दोन ट्रेनर, एक कन्नड चांगलं बोलणारा आणि एक मराठी, मानधन प्रत्येकी २,५०० म्हणजे ६०,०००. अर्धवेळ कोऑर्डिनेटर महिन्याला १२,००० प्रमाणं ७२,०००. गाडीखर्च बैठकीमागं १,२०० म्हणजे १४,४००. दोन भाषेतले तक्ते, कार्डं, छपाई १५,०००. चहा-नाष्टा पंचवीस जणांचा माणशी ४० रुपये, बारा वेळा, १२,०००. गावातल्या ज्या बायका बैठकीत येऊन बोलतात त्यांची मजुरी बुडते, म्हणून दोघींना ५००-५००, बारा वेळा, १२,०००. ऑडिट १०,०००. सगळं मिळून १,९५,४००.

बायकांच्या मजुरीची ओळ पैसे देणारे हमखास कापायला बघतात. ती कापू देऊ नका, त्यापेक्षा छपाई कमी करा. वकिलाचं दोन तासांचं भाषण पोलीस विसरतात, पण "मी त्या दिवशी दारातनंच परत गेले साहेब" असं समोर बसून बोललेली बाई विसरत नाहीत. पोलिसांना मात्र मानधन, गिफ्ट, पाकीट काहीच द्यायचं नाही, प्रमाणपत्र द्या, बस.

आणि ट्रेनरसाठी पैसेच लागतात असं पण नाही. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण कोर्टात आहे, त्यांच्याकडचे वकील येतात. आरएल लॉ कॉलेज, राणी चन्नम्मा विद्यापीठाचा समाजकार्य विभाग, इथली पोरं नोंदी करायला, सर्व्हे करायला मदत करतात.

परवानगी: कुणाला, कधी

बेळगाव शहरातली ठाणी पोलीस आयुक्तांकडं येतात, कमिशनरेट २०१४ साली झालं. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, सौंदत्ती ही सगळी जिल्ह्याच्या एसपींकडं. वंटमुरीकडचं काकती, किंवा हिरेबागेवाडी, हे गावासारखं वाटलं तरी कमिशनरेटमध्ये येतं, तेव्हा पत्र चुकीच्या ऑफिसला देऊ नका, दोन महिने जातात.

पत्र कन्नडमध्येच लिहा, मराठी प्रत सोबत जोडा. यावर आपल्यातल्या काहीजणांना राग येतो मला माहितीय, पण ज्या राइटरला ते फाइलला लावायचंय त्याला वाचता आलं पाहिजे, आणि आपल्याला त्या बाईचं काम करून घ्यायचंय. सीमाप्रश्न, भाषेचा वाद, कुठल्या पक्षाचं नाव यातलं काही प्रपोजलात, बॅनरवर, भाषणात आणू नका. पत्र दिल्यावर नुसतं "करा की" यावर थांबू नका, डीवायएसपी आणि सीपीआय (सर्कल इन्स्पेक्टर) यांच्या नावानं लेखी मेमो, म्हणजे ऑफिसचा आदेश, मागा. मेमो नसला तर ठाण्यातला अधिकारी बदलला की तुमचं काम तिथंच बंद पडतं.

तारखा तर फार महत्त्वाच्या. १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिन) मागंपुढं कोणाला वेळ नसतो. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा जिल्हाभरातले पोलीस बंदोबस्तात. मार्गशीर्ष आणि माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा. गणपतीचे दिवस आणि विसर्जन. वैशाखात आपल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. निवडणूक लागली तर सगळंच थांबतं. हे सोडून जून-जुलै आणि अधिवेशन संपल्यावरचा जानेवारी चांगला मिळतो. बैठक ठाण्यातच ठेवा, सकाळच्या रोल कॉलनंतर दीड तास, त्याहून जास्त नको. हॉलमध्ये बोलावलं की ते ऑफिशियल होतं आणि मोकळं कोणी बोलत नाही.

बैठकीत काय घ्यायचं

पहिल्या बैठकीत शिकवू नका, ऐकून घ्या. कॉन्स्टेबल किती तास ड्युटी करतात, महिला कॉन्स्टेबलना कपडे बदलायला, बाथरूमला जागा आहे का, रात्रीच्या ड्युटीला त्यांचं लेकरू कोण सांभाळतं. हे विचारल्याशिवाय तुमचं पुढचं ते ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? आणखी एक, महिला पोलीस आहे म्हणजे ती आपोआप समजून घेईल असं धरू नका, "आम्ही नाही का सोसलं" हे वाक्य मी महिला पोलिसांकडनंच जास्त ऐकलंय. तिलाही तेवढंच ट्रेनिंग लागतं.

दुसऱ्या बैठकीत भाषा. आपल्याकडची ही सगळ्यात मोठी अडचण आणि बाहेरच्या कुठल्याही मॉड्यूलमध्ये ती सापडत नाही. बाई मराठीत रडत सांगते, राइटर कन्नडमध्ये लिहितो, आणि तिला न कळलेल्या कागदावर ती अंगठा किंवा सही करते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं तोंडी तक्रार लिहून झाल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची असते आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची असते. वाचून दाखवणं म्हणजे तिला कळेल असं, नाहीतर ते वाचणं कसलं? आम्ही ठाण्यात एक मोठा तक्ता लावतो, नेहमी लागणारी पंचवीस-तीस वाक्यं दोन्ही भाषेत दोन्ही लिपीत, "कूड्री, हेदरब्याड्री", "बसा, घाबरू नका", "कुठं लागलंय", "दवाखान्यात जायचं का", "आज रात्री राहायला जागा आहे का". अथणी-गोकाककडच्या पोलिसाची खानापूरच्या जंगलपट्ट्यात बदली झाली की त्याला हा तक्ता खरंच उपयोगी पडतो, तो स्वतः येऊन सांगतो. उलट बाजूनं पण आहे, निपाणीत कामाला आलेली कन्नड बाई मराठी बोलणाऱ्या पोलिसापुढं तशीच गप्प होते.

तिसरी बैठक हद्दीची, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. खानापूरची पोरगी चंदगडला दिलेली, निपाणीची कागलला, कोणी गडहिंग्लजला, कोणी गोव्यात. मार खाऊन ती माहेरी येते आणि इथलं ठाणं म्हणतं, घटना तिकडची, तिकडं जा. तिकडं म्हणजे सासरच्या गावातल्या ठाण्यात, जिथं सासऱ्याची ओळख, आणि जायचं कसं तर दोन एसट्या बदलून. सुप्रीम कोर्टानं रूपाली देवी केसमध्ये एप्रिल २०१९ ला स्पष्ट सांगितलंय की सासर सोडून बाई जिथं आसऱ्याला आली तिथंही ४९८-अ ची (नवरा-सासरच्यांच्या छळाची) तक्रार घेता येते, कारण छळाचा त्रास तिला माहेरी आल्यावरपण होतच असतो. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणं ती तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातपण अर्ज चालतो. आणि गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती लिहून घ्यायची, ज्याला झिरो एफआयआर म्हणतात, ते १ जुलै २०२४ पासनं कलम १७३ मध्येच आलंय. हे तीन मुद्दे एका कार्डवर छापून प्रत्येक राइटरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. आमच्या सगळ्या छपाईत हे कार्ड सगळ्यात जास्त वापरलं गेलं.

चौथी राजी-पंचायतीवर. पोलिसांचं म्हणणं असतं, आम्ही संसार वाचवतो. त्यांना एकदम खोडू नका, काही वेळा बाईलाच समजोता पाहिजे असतो. पण तिला सगळे रस्ते सांगायच्या आधी समजोता नको. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ मध्ये पोलिसानं काय सांगायचं ते लिहिलेलंच आहे, संरक्षण अधिकारी कोण (आपल्याकडं सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी मॅडम), मोफत वकील मिळतो, संस्थांची मदत मिळते, फौजदारी तक्रारही करता येते. ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टानं दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक केलीय. नवरा-बायकोच्या भांडणात आधी चौकशीची थोडी मुभा आहे, पण त्या मुभेचा अर्थ महिनाभर पिटिशन घेऊन फिरवणं असा होत नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात माहिती लिहून घेतली नाही तर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे धमकीसारखं सांगू नका, त्यांच्या नोकरीच्या काळजीनं सांगा.

पाचवीत मुलं आणि ज्यांच्याकडं ठाण्यात माणूस म्हणून बघत नाहीत ते लोक. पॉक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, अधिकारी वर्दीत नको, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. जोगती, जोगाप्पा (यल्लम्माला वाहिलेले लोक), पूर्वीच्या देवदासी बायका, सौंदत्तीचा जिल्हा आहे आपला, त्यांच्यातली एखादी बोलायला तयार असेल तर तिलाच बोलवा. पोरींना देवाला सोडायची देवदासी प्रथा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद झालीय, पण ठाण्यात त्या बाईला एकेरी हाक मारायची सवय गेली नाही. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायकांशीही पोलिसांनी सन्मानानं वागावं असा आदेश दिलाय, तो वाचून दाखवा.

सहावी बैठक गावात घ्या, ठाण्यात नको. बीटचा (त्या गावाची जबाबदारी असलेला) पोलीस, आशा, अंगणवाडी सेविका, गटातल्या बायका एकत्र. ११ डिसेंबर २०२३ ला आपल्या होसा वंटमुरीत काय झालं ते सगळ्यांना माहितीय, पोरगा-पोरगी पळून गेले म्हणून पोराच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी सुवर्णसौधात अधिवेशन चालू होतं. मला त्यातनं एकच कळतं, गावातल्या बाईकडं बीटच्या पोलिसाचा नंबर पाहिजे आणि मध्यरात्री फोन करायचं धाडस पाहिजे, आणि ते धाडस पोलिसाचं तोंड ओळखीचं असल्याशिवाय येत नाही. २०२५ पासनं राज्यात "मने मनेगे पोलीस" म्हणून घरोघरी जायची योजना चालू झालीय, तुमची गावातली बैठक त्याला जोडून घ्या, पोलिसांना पण ते त्यांच्या रिपोर्टमध्ये दाखवता येतं.

काय बदललं ते कसं मोजायचं

किती पोलीस आले हा आकडा द्या, पण त्यावर थांबू नका. सुरवातीलाच, पहिल्या बैठकीच्या आधी, मागच्या सहा महिन्यांत ठाण्यातनं किती बायकांना सीडीपीओकडं, सखी केंद्राकडं, मोफत वकिलाकडं पाठवलं ते विचारून घ्या. तोंडी मिळालं तर चांगलं, नाहीतर माहिती अधिकारात दहा रुपये भरून. नवीन संस्थेनं मात्र पहिल्याच आठवड्यात आरटीआय टाकला तर दार बंद होतं, म्हणून आधी साहेबांना सांगून मागा. सहा महिन्यांनी तेच आकडे परत घ्या. सोबत ठाण्यात जाऊन आलेल्या पंधरा-वीस बायकांशी बोला, किती वेळ बसवलं, कागद मिळाला का, वाचून दाखवला का, परत जावंसं वाटेल का. चार प्रश्न, जास्त नको.

बाईचं नाव, गाव, फोटो रिपोर्टमध्ये कुठंही नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती संस्थेलाही लागू होते. पैसे देणारे कधीकधी "एखादी सक्सेस स्टोरी फोटोसकट द्या" म्हणतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणा. आम्ही एकदा नाही म्हणालो तर दुसरा हप्ता महिनाभर अडला. अडू दे.

काही आकडे पहिल्या सहा महिन्यांत उलटे वाढतात, तक्रारी जास्त येतात. एसपी ऑफिसला आणि पैसे देणाऱ्यांना हे आधीच लिहून द्या, की तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, बायका यायला लागल्या. आधी नाही सांगितलं तर रिपोर्ट बघून दोघंही घाबरतात आणि ठाण्याचा अधिकारीच पुढच्या वेळी तुम्हाला नको म्हणतो.

हिशोब खर्च होईल तसा लिहा, महिन्याच्या शेवटी बसून नाही. पैसे संपायच्या आधी दोन महिने, म्हणजे चौथ्या महिन्याच्या शेवटाला, युटिलायझेशन सर्टिफिकेटचा (पैसा ठरल्या कामाला खर्चला याचा दाखला) कच्चा मसुदा सीएकडनं करून घ्या आणि त्याच वेळी पुढच्या दोन ठाण्यांचं पत्र द्या. मध्ये तीन महिने खंड पडला तर कोऑर्डिनेटर दुसरी नोकरी धरते, आणि ठाण्यातल्या लोकांशी जमवलेली तिची ओळख नव्या माणसाला परत पहिल्यापासनं करावी लागते.

आणि पहिल्यांदा ठाण्यात जाल तेव्हा दोघीजणी जा, एकीला कन्नड येऊ दे, मेमोच्या तीन झेरॉक्स आणि सीडीपीओ ऑफिस, सखी केंद्र, १८१, मुलांसाठीचा १०९८, तातडीचा ११२ आणि कायदा मदतीचा १५१०० हे नंबर असलेला एक कागद बरोबर ठेवा. तो कागद भिंतीला कुठं लावू म्हणून राइटरलाच विचारा, तो जागा दाखवतो आणि बोलणं तिथनंच सुरू होतं.